पेइंग गेस्ट येण्याआधी हीटिंगचं ठरवून घ्या

इंग्लंडमधल्या मराठी घरांतून दर हिवाळ्यात एकाच विषयावर दोन बाजूंनी विचारणा होते. घरमालकांची बाजू अशी: "मास्टर्सला आलेल्या मुलीला वरची खोली दिली आहे. ती दिवसभर हीटिंग चालू ठेवते, गॅसचं बिल कुठल्या कुठे गेलं. सांगायचं कसं?" आणि राहणाऱ्यांची बाजू अशी: "काकू रात्री नऊला हीटिंग बंद करतात. खोलीत बसवत नाही, पण त्या एवढ्या प्रेमाने वागतात की बोलायला संकोच वाटतो." या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. सप्टेंबरमध्ये खोली ठरली तेव्हा भाडं, किचनमधलं कपाट, वायफायचा पासवर्ड, सगळं बोलून झालं. हीटिंगबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण तेव्हा थंडीच नव्हती.

हा लेख इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरात राहून एक-दोन खोल्या देणाऱ्यांसाठी आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत. तुम्ही स्वतः तिथे राहत नसाल आणि अख्खं घर भाड्याने दिलं असेल, तर कायदा तुमच्यावर बरीच जास्त जबाबदारी टाकतो. तो विषय इथे घेतलेला नाही.

शब्दांऐवजी आकडे सांगा

"गरजेपुरती हीटिंग लाव", "उगाच चालू ठेवू नकोस" अशा सूचनांचा काहीही उपयोग होत नाही. नागपूरहून किंवा सोलापूरहून पहिल्यांदाच इथे आलेल्या मुलाने घर गरम करण्याचं बिल आयुष्यात पाहिलेलं नसतं. गरजेपुरतं म्हणजे किती, हे त्याला कळणार कसं? तुम्ही इतकी वर्षं इथे काढल्यावर १८ अंशांत स्वेटर घालून आरामात टीव्ही पाहता. त्याच तापमानात त्याची बोटं कीबोर्डवर आखडतात. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, म्हणून हा वाद समजूत घालून मिटत नाही. तो अंश आणि वेळा ठरवूनच मिटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवामानातल्या घरांसाठी किमान १८ अंश सेल्सिअसची शिफारस केली आहे. तो आकडा तळ समजा. माझ्या मते पेइंग गेस्ट असलेल्या घरात हे वेळापत्रक चालतं:

- सकाळी साडेसहा ते साडेआठ: १९ ते २० अंश
- संध्याकाळी पाच ते रात्री साडेदहा: १९ ते २० अंश
- रात्री: १६ ते १७ अंश, पण जाड पांघरूण देऊन. घरात पासष्टीच्या पुढचं कोणी असेल, दमा असलेलं किंवा आजारी कोणी असेल, तर रात्रीही १८च्या खाली जाऊ देऊ नका.
- दिवसा कोणी घरी असेल तर: किमान १८ अंश

शेवटच्या ओळीवर थांबा, कारण बहुतेक भांडणं तिथेच होतात. "तू दिवसा युनिव्हर्सिटीत असशील ना?" असं आपण गृहीत धरतो. पण प्रबंध लिहायची वेळ आली की मुलं चार-चार दिवस खोलीबाहेर पडत नाहीत, आणि नोकरी करणारे आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करतात. खोली देण्याआधी स्पष्ट विचारा: आठवड्यातले किती दिवस दिवसभर घरी असणार? उत्तर "रोज" असेल तरी हरकत नाही. फक्त ते भाडं ठरवतानाच कळायला हवं.

पांघरुणाचंही तसंच. इथे ड्यूवेची ऊब 'टॉग'मध्ये मोजतात. उन्हाळ्यासाठी ४.५ टॉगचा असतो, हिवाळ्यासाठी १३.५ टॉगचा. खोलीत उन्हाळी ड्यूवे ठेवून रात्री १६ अंश ठेवणं योग्य नाही. १३.५ टॉगचा एक ड्यूवे आणि वर टाकायला एखादं ब्लँकेट, एवढं द्याच.

थर्मोस्टॅटला हात कोणी लावायचा? मी म्हणेन, ठरलेलं वेळापत्रक तुमच्या हातात राहू द्या, पण तासाभरासाठी बटण दाबून हीटिंग वाढवायची मोकळीक गेस्टला द्या. "काकू, हीटिंग लावू का?" असं पंचवीस वर्षांच्या माणसाला रोज विचारावं लागणं बरं नाही. थर्मोस्टॅटवर कुलूपबंद डबा बसवू नका, आणि फोनवरच्या ॲपवरून ऑफिसात बसून गुपचूप तापमान उतरवू नका. गेस्टच्या ते लगेच लक्षात येतं, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही.

आधी ती खोली मोजा

ठरवलेले २० अंश त्या खोलीत पोचतात का, हे पाहिल्याशिवाय शब्द देऊ नका. लंडनच्या आसपास हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो भागात आपली बरीच मंडळी १९३०च्या दशकातल्या सेमी-डिटॅच्ड घरांत राहतात. त्यात पेइंग गेस्टला मिळते ती बहुधा पुढच्या दारावरची बॉक्स रूम, किंवा मागे वाढवलेल्या भागातली खोली. घरातल्या सर्वांत थंड खोल्या याच.

थर्मोस्टॅट मात्र असतो खाली, हॉलवेत. हॉलवे २० अंशांवर पोचला की तो बॉयलरला थांबायला सांगतो. वर उत्तरेकडच्या खोलीत त्या वेळी १५ अंश असतील, पण ते त्याला कळायला मार्गच नाही. तुम्ही "२० वर लावलंय" म्हणता, गेस्ट "गारठलोय" म्हणतो, आणि दोघांचंही बरोबर असतं. यावर आधी करायच्या गोष्टी:

१. एक साधा डिजिटल थर्मामीटर आणा. पलंगाच्या उंचीवर, खिडकी आणि रेडिएटर दोन्हींपासून लांब ठेवा. थंडीतले तीन दिवस रात्री दहाला आणि सकाळी सहाला आकडा लिहून काढा.

२. रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम लागत असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून, रेडिएटर निवल्यावर किल्लीने हवा काढा. नंतर बॉयलरचा दाब पाहा. बहुतेक घरगुती बॉयलरमध्ये थंड असताना तो १ ते १.५ बार असायला हवा.

३. रेडिएटरला १ ते ५ आकड्यांची चकती असेल तर ती थंड खोलीत ४ वर आणि गरम खोल्यांत २ ते ३ वर ठेवून पाहा. ३ म्हणजे ढोबळमानाने २० अंश. ज्या जागी मुख्य थर्मोस्टॅट आहे, तिथला रेडिएटर मात्र पूर्ण उघडा राहू द्या.

४. पलंग किंवा कपाट रेडिएटरला चिकटलेलं असेल तर हलवा. लांब पडदा रेडिएटरवर येत असेल तर तो खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आखूड करा. दाराखालची फट आणि खिडकीच्या कडा पट्टी लावून बुजवा.

५. एवढं करूनही खोली १८वर येत नसेल तर हीटिंग इंजिनिअरकडून रेडिएटर 'बॅलन्स' करून घ्या, म्हणजे लांबच्या रेडिएटरपर्यंत पुरेसं गरम पाणी पोचतं. गरज पडली तर मोठा रेडिएटर बसवा.

थर्मामीटर त्या खोलीतच कायमचा राहू द्या. "थंडी वाटते" यावर वाद घालता येतो, "रात्री दहाला १५.५ होते" यावर घालता येत नाही.

एका अंशाची किंमत किती?

बिलाची भीती आणि खरा खर्च यांत बरंच अंतर असतं, म्हणून हे गणित कागदावर करून पाहा. गॅसचं युनिट साधारण ६ पेन्स आणि विजेचं २५ पेन्स धरू. ऑफजेम या ऊर्जा-नियामकाची दरमर्यादा दर तीन महिन्यांनी बदलते, तेव्हा तुमच्या बिलावरचे आकडे घाला.

समजा जानेवारीत तुमच्या घराला गॅसची १,८०० युनिटं लागली. खर्च झाला १०८ पौंड. थर्मोस्टॅट एक अंशाने वाढवला की गॅस साधारण १० टक्के जास्त लागतो असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे १९ ठेवायचं की २०, या वादाची किंमत ऐन थंडीत महिन्याला अकरा पौंडांच्या आत-बाहेर. वर्षातले असे कडाक्याचे महिने तीन-चार. खोलीच्या भाड्यापुढे ही रक्कम किती लहान आहे ते पाहा आणि मग ठरवा, त्यासाठी संबंध बिघडवायचे का.

आता दुसरं गणित. खोली थंड म्हणून गेस्टने दोन किलोवॅटचा फॅन हीटर विकत आणला आणि रोज सहा तास लावला. महिन्याला ३६० युनिटं, म्हणजे ९० पौंड. मालकाने अकरा पौंड वाचवायला हीटिंग कमी केली आणि नव्वद पौंडांची वीज गेली, असं अनेक घरांत घडतं. बिल आल्यावर मात्र दोष "सारखी हीटिंग लावण्याला" दिला जातो. बिल वाढलं असेल तर आधी गॅस वाढला की वीज, हे पाहा. वीज वाढली असेल तर खोलीतल्या प्लगकडे लक्ष द्या, थर्मोस्टॅटकडे नको.

रात्री अंथरूण गरम हवं असेल तर गादीवर घालायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट द्या. ते साधारण १०० वॉटचं असतं. रोज सहा तास लावलं तरी महिन्याला १८ युनिटं, साडेचार पौंड. चांगल्या कंपनीचं, आपोआप बंद होणारं नवं ब्लँकेट घ्या. जुनं, घडी पडलेलं कधीही देऊ नका.

कॉम्बी बॉयलर असेल तर आणखी एक करता येतं. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान बऱ्याच घरांत ७५ ते ८० अंशांवर ठेवलेलं असतं. ते ६०च्या आसपास आणलं की बॉयलर जास्त कार्यक्षम चालतो. खोली गरम व्हायला थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. गरम पाण्याची टाकी असलेल्या घरांत मात्र टाकीचं पाणी ६० अंशांच्या खाली ठेवू नका, त्यात लिजिओनेला जिवाणू वाढण्याचा धोका असतो.

बिल भाड्यात धरायचं की वेगळं घ्यायचं?

माझं स्पष्ट मत: भाड्यातच धरा. वर्षभराच्या गॅस-विजेचा अंदाज काढा, त्यातला गेस्टचा वाटा बाराने भागा आणि भाड्यात मिळवा. खर्च वेगळा घेतला की रोजच्या रोज कोणी किती वेळ आंघोळ केली यावर नजर जाते. घरात त्याचा त्रास सगळ्यांनाच होतो.

तरीही वेगळं घ्यायचं ठरवलंत तर हे खड्डे टाळा:

- गॅस किंवा वीज पुन्हा विकताना तुम्ही स्वतः भरता त्यापेक्षा जास्त दर लावता येत नाही. हा ऑफजेमचा नियम आहे. गेस्टने बिल मागितलं तर दाखवा.
- "थर्मोस्टॅटला हात लावल्यास १० पौंड" असा दंड घेता येत नाही. टेनंट फीज ॲक्ट २०१९ इंग्लंडमधल्या बहुतेक लॉजरनाही लागू आहे आणि त्यात बसणारी ठरावीक रक्कमच घेता येते. त्याच कायद्याने डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे.
- "हिवाळ्यात ६५०, एप्रिलपासून ६००" असं भाडं सुरुवातीलाच ठरवू नका. पहिल्या वर्षात आधीच्या महिन्यांचं भाडं नंतरच्यापेक्षा जास्त ठेवलं तर वरची रक्कम बेकायदा ठरू शकते. बाराही महिने सारखं भाडं हाच सरळ मार्ग.
- हीटिंगसाठी वेगळे घेतलेले पैसेही करासाठी मिळकतीतच मोजले जातात. रेंट अ रूम योजनेत वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतची मिळकत करमुक्त आहे. मिळकत दोघांत वाटली जात असेल तर प्रत्येकी ३,७५०. भाडं, हीटिंग, डबा सगळं मिळून ही मर्यादा ओलांडते का, ते पाहा.

हक्क आणि जबाबदाऱ्या

तुमच्या घरात तुमच्यासोबत राहून किचन-बाथरूम वापरणारा माणूस कायद्याने 'लॉजर' असतो. पूर्ण भाडेकरूचे सगळे हक्क त्याला नसतात. पण म्हणून हीटिंगबाबत तो निराधार आहे असं समजू नका.

गॅसचा बॉयलर असेल तर दर बारा महिन्यांनी गॅस सेफ रजिस्टरवरच्या इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं तुमच्यावर बंधनकारक आहे, एकच खोली दिली असली तरी. तपासणीचं नोंदपत्र गेस्टला राहायला येण्याआधी द्यायचं असतं. बऱ्याच कुटुंबांना हे ठाऊकच नसतं. "सर्व्हिस करून घेतो की!" असं म्हणतात, पण सर्व्हिस आणि हे नोंदपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत, इंजिनिअरला दोन्ही सांगावं लागतं. बॉयलर असलेल्या खोलीत आणि गेस्टच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या वायूला वास नसतो. घरातल्या अनेकांचं एकाच वेळी डोकं दुखणं, मळमळणं ही त्याची खूण. तसं झालं तर सगळ्यांनी बाहेर पडून ०८०० १११ ९९९ या गॅस आणीबाणी क्रमांकावर फोन करायचा, हे गेस्टला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

घर धोकादायक इतकं थंड असेल तर लॉजरही कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे तक्रार करू शकतो. हाउसिंग ॲक्ट २००४ खाली घरातले जे धोके तपासले जातात, त्यात अतिथंडी आणि ओल-बुरशी हे दोन्ही आहेत. सल्ला हवा असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइसकडे विनामूल्य मिळतो, तुम्हालाही आणि गेस्टलाही.

दोनपेक्षा जास्त लॉजर ठेवलेत तर घर 'एचएमओ' (एकाहून जास्त कुटुंबं राहत असलेलं घर) धरलं जातं आणि नियम बदलतात. गृहकर्ज देणाऱ्या बँकेला आणि घराच्या विमा कंपनीला खोली देत असल्याचं कळवा.

ओले कपडे आणि बंद खिडक्या

हीटिंग कमी केल्यावर काही आठवड्यांतच खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात. थंड खोली, रेडिएटरवर वाळत टाकलेली जीन्स, बंद खिडकी आणि खाली लावलेल्या कुकरची वाफ, एवढं मिळालं की बुरशी येतेच. गेस्टला ही सवय नसते. आपल्याकडे खिडक्या कायम उघड्या. त्याला प्रेमाने, पण नेमकं सांगा: स्वयंपाक आणि आंघोळ करताना एक्झॉस्ट फॅन लावायचा, रोज सकाळी दहा मिनिटं खिडकी उघडायची, काचेवरचं पाणी पुसायचं. कपडे वाळवायला तुम्हीही जागा द्या. "रेडिएटरवर टाकू नकोस" एवढंच म्हटलं तर ते कपडे दाराच्या मागे लटकतात आणि ओल तशीच राहते. एक स्टँड आणि शक्य असेल तर छोटा डीह्युमिडिफायर, एवढ्याने काम होतं.

खोलीत तात्पुरता हीटर द्यावाच लागला तर तेलाचा, थर्मोस्टॅट असलेला द्या. तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा, एक्स्टेन्शनमध्ये कधीही नाही; त्यावर कपडे टाकायचे नाहीत; झोपताना बंद करायचा.

डिसेंबरात तुम्ही भारतात जाता तेव्हा

लग्नसराई आणि मुलांच्या सुट्ट्या यामुळे आपली कुटुंबं नेमकी ऐन थंडीत तीन-चार आठवडे जातात. गेस्ट मागे एकटा राहतो. निघण्याआधी एवढं करून जा:

- थर्मोस्टॅट आणि टायमर कसा चालवायचा ते त्याच्याकडून एकदा करवून घ्या.
- बॉयलरचा दाब उतरला तर पाणी कसं भरायचं याचा व्हिडिओ पाठवून ठेवा.
- पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते दाखवा. पाइप फुटल्यावर पहिलं काम तो बंद करण्याचं.
- कडाक्याच्या थंडीत बॉयलरची बाहेर जाणारी पांढरी प्लॅस्टिकची नळी गोठते आणि बॉयलर बंद पडतो. त्या नळीवर कोमट पाणी ओतून बॉयलर पुन्हा सुरू करता येतो. उकळतं पाणी ओतायचं नाही.
- इंजिनिअरचा नंबर द्या, आणि तुम्हाला न विचारता किती रकमेपर्यंत काम करून घेता येईल ते लिहून द्या. भारतात पहाटेचे चार वाजलेले असताना त्याने तुमच्या फोनची वाट पाहत गारठून बसू नये.
- तोही सुट्टीत जाणार असेल तर हीटिंग पूर्ण बंद करू नका. १० ते १२ अंशांवर ठेवा, म्हणजे पाइप गोठत नाहीत.

लिहून द्यायचा मजकूर, आणि जमलंच नाही तर

करार इंग्रजीत असू द्या, पण हा एवढा भाग मराठीत व्हॉट्सॲपवरही पाठवा. नमुना असा:

"ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हीटिंग सकाळी ६:३० ते ८:३० आणि संध्याकाळी ५ ते १०:३० चालू राहील. तुझ्या खोलीत त्या वेळी किमान १९ अंश मिळावेत अशी माझी जबाबदारी. जास्त हवं असेल तेव्हा दिवसातून दोनदा तासभर वाढवू शकतोस, विचारायची गरज नाही. स्वतःचा इलेक्ट्रिक हीटर आणायचा नाही; खोली थंड वाटली तर थर्मामीटरचा आकडा मला पाठव, दोन दिवसांत बघू. गॅस-वीज भाड्यात धरलेली आहे. नोव्हेंबरच्या शेवटी एकदा बसून कसं चाललंय ते बोलू."

नोव्हेंबरचं ते बोलणं चुकवू नका. पहिली कडक थंडी तोवर पडून गेलेली असते, पहिलं मोठं बिल यायचं असतं, आणि मनात काही साचलेलं नसतं.

एवढं करूनही पटलं नाही, गेस्टला २४ अंश हवेत आणि तुम्हाला ते सोसत नाहीत, तर वेगळं होणं दोघांच्याही हिताचं. लॉजरला घर सोडायला सांगण्यासाठी सहसा कोर्टात जावं लागत नाही, पण वाजवी मुदत द्यावी लागते. करारात मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर साधारणपणे भाडं ज्या कालावधीचं असेल तेवढी: दर महिन्याचं भाडं असेल तर महिना. ही नोटीस लेखी द्या. त्या महिन्यात हीटिंग ठरल्याप्रमाणेच चालू ठेवा. गेस्टने लवकर जावं म्हणून खोली थंड ठेवणं हा छळ आहे, आणि त्याबद्दल तो तुमच्याविरुद्ध तक्रार करू शकतो. डिपॉझिटमधून "जास्त हीटिंग" म्हणून काही कापून घेऊ नका, भाड्यात बिल धरलेलं असताना तसा हक्क तुम्हाला नाही. परीक्षेचे दिवस असतील तर मुदत दोन आठवड्यांनी वाढवा आणि ओळखीत दुसरी खोली असेल तर त्याला सुचवा. जानेवारीत नव्या माणसाला खोली मिळणं कठीण असतं.